विषबाधा: दवाखान्यात पोचेपर्यंत काय करायचं, काय अजिबात करायचं नाही

नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांच्या कॅज्युअल्टीत विषबाधेचा पेशंट येतो, तेव्हा पुष्कळदा त्याच्या पोटात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे विष, आणि दुसरं म्हणजे ते उतरवायला घरच्यांनी पाजलेलं काहीतरी. मिठाचं पाणी, तूप, चिंचेचा कोळ, कच्ची अंडी, कधी साबणाचं पाणीसुद्धा. हेतू चांगलाच असतो, पण डॉक्टरांचा पहिला वेळ त्या दुसऱ्या गोष्टीनं केलेलं नुकसान निस्तरण्यात जातो. विष उतरवणं हे घरच्यांचं काम नाही. श्वास चालू ठेवणं, आणखी विष आत जाऊ न देणं, काय गेलं ते नीट कळवणं आणि वेळ न दवडता निघणं, एवढंच घरच्यांनी करायचं असतं. ते नीट केलं तर पुढचं सोपं होतं.

आधी स्वतःला, मग पेशंटला

सेप्टिक टाकीत, जुन्या विहिरीत किंवा धान्याला गोळ्या लावून बंद केलेल्या खोलीत कुणी पडलेला दिसला, तर त्याच्यामागे धावत आत शिरू नका. एकाला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि तिघंही जातात. दारं-खिडक्या उघडा, बाहेरून दोर टाकून ओढता येत असेल तर ओढा, आणि ११२ ला फोन करून अग्निशमन दल मागवा. खोलीत वायू असल्याची शंका असेल तर पंख्याचं किंवा दिव्याचं बटणही दाबू नका.

पेशंट मोकळ्या हवेत आला की हाक मारा, खांदे हलवा आणि दहा सेकंद छातीकडे पाहा. श्वास आहे पण शुद्ध नाही, तर त्याला डाव्या कुशीवर वळवा. वरचा गुडघा पुढे दुमडा, तोंड थोडं खाली झुकलेलं ठेवा. तोंडात फेस, उलटी किंवा सुटलेली कवळी दिसत असेल तर बोटाला फडकं गुंडाळून काढा. आपल्याकडे ऑटोत पेशंटला दोघांच्या मधे ताठ बसवून नेतात. त्याची मान लुळी पडून छातीवर येते, उलटी झाली की ती सरळ श्वासनलिकेत उतरते. मागच्या सीटवर कुशीवर झोपवा, एकानं डोकं मांडीवर धरा आणि तोंड मोकळं ठेवा. चारचाकी मिळत असेल तर ऑटो नकोच.

श्वासच नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी दाबायला लागा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसात पाच ते सहा सेंटिमीटर खोल, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. फवारणीचं औषध किंवा धान्याची गोळी पोटात गेली असेल तर तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका. त्यात तुम्हालाही विष लागू शकतं. नुसतं छातीवर दाबणं चालू ठेवा.

झटके येत असतील तर दातांत चमचा घालू नका, कांदा हुंगवू नका, चप्पल तर नाहीच नाही. आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला सारा आणि झटका ओसरला की कुशीवर वळवा.

उलटी का करवायची नाही

"बोटं घालून काढून टाका ना जी," असं सांगणारा प्रत्येक वस्तीत एक तरी असतो. त्याचं ऐकू नका. संडास साफ करायचं ॲसिड उतरताना अन्ननलिका एकदा जाळतं, उलटी करवली तर वर येताना पुन्हा जाळतं. घासलेट, थिनर, टर्पेंटाईन पोटात फारसं काही करत नाहीत, पण उलटी होताना त्यांचे थेंब फुप्फुसात गेले की न्यूमोनिया होतो. आणि फवारणीच्या औषधानं किंवा झोपेच्या गोळ्यांनी पेशंट पेंगुळलेला असेल तर उलटी आवरायची ताकदच त्याच्यात उरत नाही.

मिठाचं पाणी तर त्याहून वाईट. त्यानं रक्तातलं सोडियम इतकं वाढू शकतं की विषानं गेला नसता तो मिठानं जातो, लहान मूल तर हमखास धोक्यात. तूप आणि दूध पोटाला 'अस्तर' लावतं हाही समज खोटा. कापूर, फॉस्फरस आणि कीटकनाशकांतले कित्येक पदार्थ स्निग्ध पदार्थांत विरघळतात, म्हणजे तूप दिलं की ते रक्तात लवकर शिरतात. ॲसिडवर सोडा किंवा कॉस्टिकवर लिंबू दिलं तर दोन्हींच्या क्रियेतून उष्णता तयार होते आणि आतला जाळ वाढतो.

मग काय करायचं? पेशंट पूर्ण शुद्धीत असेल तर चूळ भरून थुंकायला लावा. ॲसिड किंवा कॉस्टिक असेल तर ओठ आणि हनुवटी पाण्यानं धुवा. घोट-दोन घोट पाणी द्यायचं की नाही हे फोनवरच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. उलटी आपोआप झाली तर होऊ द्या, आणि तिचा रंग, वास, गोळ्यांचे तुकडे लक्षात ठेवा. शक्य असेल तर थोडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या.

तोंडानं काही द्यायचा एक अपवाद ठाऊक असलेला बरा: घड्याळातली किंवा खेळण्यातली चपटी बटण बॅटरी. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत भोक पाडायला लागते. मूल एक वर्षावरचं असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि गिळता येत असेल, तर दवाखान्याकडे जाता जाता दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्या, सहापेक्षा जास्त वेळा नाही. मध द्यायला म्हणून थांबू नका.

अंगावर आणि डोळ्यांत

फवारणीचं औषध कातडीतूनही आत जातं. भिजलेला बनियान अंगावर तसाच ठेवून पेशंटला आणलं तर सलाईन चालू असतानाही विष आत जात राहतं. कपडे, पट्टा, करदोटा सगळं काढा, गरज पडली तर कात्रीनं कापा. स्वतःच्या हाताला प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळून केस, कानामागची जागा, काखा, जांघा, नखं साबणानं भरपूर पाण्याखाली धुवा. काढलेले कपडे पिशवीत बांधून बाजूला ठेवा, घरच्या धुण्यात टाकू नका.

डोळ्यांत गेलं तर नळाखाली किंवा जगानं धार धरून किमान १५ ते २० मिनिटं धुवा. धार नाकाकडून कानाकडे जाऊ द्या, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. इथे नागपूरकरांसाठी एक खास बाब: खर्र्यासाठी घरात पडलेली चुन्याची ट्यूब. पोट्टं ती दाबून खेळतं, टोक फुटतं आणि चुना सरळ डोळ्यात उडतो. चुना अल्कली आहे, ॲसिडपेक्षा खोल शिरतो आणि पापणीखाली चिकटून जाळत राहतो. पापणी उलटून पांढरे कण ओल्या कापसानं किंवा स्वच्छ कापडाच्या टोकानं उचला, अर्धा तास धुवा, मूल कितीही रडलं तरी. मग सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे. दूध, गुलाबपाणी, काजळ काहीही नको.

बिब्ब्याचं तेल कातडीवर लागून फोड आले तर ती जागा साबणानं धुवा आणि फोड फोडू नका. गावठी उपायासाठी बिब्बा पोटात घेतला असेल तर मात्र दवाखाना.

फोन, आणि सोबत काय न्यायचं

ॲम्ब्युलन्ससाठी १०८. विषाबद्दल सल्ल्यासाठी दिल्लीच्या एम्सचं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास चालू असतं: १८०० ११६ ११७. पेशंट शुद्धीत असेल आणि गाडीची वाट पाहायची असेल तर या नंबरवर बोला. बेशुद्ध असेल तर आधी १०८.

फोनवर आणि कॅज्युअल्टीत सांगायचं ते एवढं: काय घेतलं, अंदाजे किती, किती वाजता, वय आणि वजन किती, आणि घरी आपण काय पाजलं. शेवटचं लपवू नका. "औषध घेतलं" एवढंच सांगितलं तर डॉक्टरांना गोळ्या की फवारणीचं ते कळत नाही. डबा सोबत न्या, फुटका असला तरी पिशवीत घालून. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत खूण असते. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. पण त्या रंगापेक्षा महत्त्वाचं आहे ते लेबलवरचं रासायनिक नाव आणि उताऱ्याची, म्हणजे विषावरच्या औषधाची, ओळ. डबा सापडत नसेल तर दुकानाच्या बिलाचा फोटो काढा. गोळ्यांची पाकिटं असतील तर रिकामी आणि भरलेली दोन्ही न्या, त्यावरून किती गेल्या ते मोजता येतं.

कुठे न्यायचं? शहरात असाल तर हनुमाननगरचं मेडिकल, स्टेशनजवळचं मेयो किंवा मिहानचं एम्स, जे जवळ असेल ते. काटोल, उमरेड, रामटेककडे असाल तर थेट नागपूरचा रस्ता धरायच्या आधी जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा. काटोल ते नागपूर सुमारे ६० किलोमीटर. फवारणीच्या औषधाचा पेशंट त्या रस्त्यात गुदमरू शकतो, आणि ऑक्सिजन व ॲट्रोपिन (या विषावरचं इंजेक्शन) वाटेतच सुरू झालं तर तो पुढे पोचतो. खासगी दवाखान्यानं "पोलीस केस आहे" म्हणून दाराशी थांबवलं, तर १९८९ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल स्पष्ट आहे: आधी जीव वाचवायचा, कागद नंतर.

फवारणीचं औषध

पोळा ते दिवाळी हा इथला धोक्याचा काळ. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याएवढी वाढलेली असते, पंपाचं तुषार उलट तोंडावर येतं, आणि उकाड्यामुळे मास्क कुणी लावत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात याच हंगामात फवारणी करणाऱ्या वीसहून अधिक शेतकरी-मजुरांचा जीव गेला. त्यातल्या पुष्कळांनी विष प्यायलं नव्हतं, फक्त फवारलं होतं.

मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस या जातीच्या औषधांत पेशंट सगळीकडून पाझरायला लागतो. घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब, छातीत घरघर. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, दंडावरचे आणि पोटरीचे स्नायू कातडीखाली फडफडताना दिसतात. शेतात नुसतं डोकं दुखून मळमळायला लागलं तरी फवारणी थांबवा, वारा येतो त्या बाजूला सरका, अंघोळ करा आणि दवाखान्यात दाखवा. ऊन लागलं असेल असं समजून झाडाखाली झोपू नका.

दवाखान्यात ॲट्रोपिन देतात, आणि ते छातीतली घरघर थांबेपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत देतात. मग पेशंट बडबडतो, हवेत काही पकडतो, अंग गरम लागतं आणि नातेवाईक घाबरतात, "चांगला होता, इंजेक्शननं बिघडला." तसं नसतं, ॲट्रोपिन जास्त झाल्याचं ते लक्षण आहे, डॉक्टर डोस कमी करतात. खरी भीती नंतरची. एक ते चार दिवसांत, पेशंट बोलत-जेवत असताना, मान आणि श्वासाचे स्नायू अचानक लुळे पडू शकतात. म्हणून सिस्टर येता-जाता त्याला उशीवरून मान उचलून दाखवायला सांगतात. मान उचलता येत नसेल तर पुढचा नंबर श्वासाचा. दुसऱ्या दिवशी "आता बरा आहे, घरी नेतो" म्हणून सही करून नेणं हा इथला सर्वांत महाग हट्ट.

धान्याची गोळी, उंदरांचं विष, तणनाशक

धान्यात ठेवायच्या करड्या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड. ओल लागली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, लसूण किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो. पोटात गेली असेल तर पाणी बिलकूल पाजू नका, पोटात वायू जास्त तयार होतो. पेशंटची उलटी बंद गाडीत सांडली तर काचा उघड्या ठेवा. गव्हाच्या कोठीत गोळी ठेवून त्याच खोलीत झोपलेली मुलं दगावल्याच्या घटना देशात झाल्या आहेत. राहत्या घरात ही गोळी ठेवायचीच नाही. कडुनिंबाचा पाला आणि कडक उन्हात वाळवणं आपल्या उन्हाळ्यात पुरे होतं.

उंदरांच्या विषात फसवाफसवी आहे. ट्यूबमधल्या पेस्टमधला पिवळा फॉस्फरस पहिल्या दिवशी थोडी उलटी करवून गप्प बसतो, दोन-तीन दिवसांनी कावीळ दिसते आणि तोवर यकृत गेलेलं असतं. वड्यांमधलं औषध रक्त गोठू देत नाही, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त दोन-तीन दिवसांनी येतं. त्यावर व्हिटॅमिन के आहे, पण वेळेवर तपासणी झाली तर. दोन्ही बाबतींत "काही झालं नाही" या दिलाशावर घरी बसू नका.

पॅराक्वाट तणनाशकाचा एक घोटही अंगावर काढायचा नसतो, तोंड जळलं नसलं तरी लगेच निघा. डॉक्टरांना तणनाशकाचं नाव आवर्जून सांगा, कारण यात ऑक्सिजनसुद्धा जपून द्यावा लागतो.

घरातल्या गोळ्या

मूल आजीच्या पिशवीतून गोळी काढून खातं आणि खेळत राहतं. शुगरच्या गोळ्यांपैकी ग्लिमेपिराईडसारखी एकच गोळी लहान मुलाची साखर घसरवू शकते, तीही आठ-दहा तासांनी, झोपेत. मूल पूर्ण जागं असेल तर साखर किंवा काही गोड खाऊ घालायला हरकत नाही, पण रात्रभर दवाखान्यातच ठेवायचं. बीपीच्या किंवा हृदयाच्या गोळ्या खाल्ल्या तरी रात्रभर दवाखान्यातच.

पॅरासिटामॉल जास्त गेलं तर पहिला दिवस जवळजवळ कोरा जातो. यकृताला इजा दोन-तीन दिवसांनी कळते. एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत दिला तर यकृत वाचतं, म्हणून "सकाळी बघू" चालत नाही. लोहाच्या गोळ्या मुलांना गोड वाटतात. उलट्या, काळी शी, मग काही तास सुधारल्यासारखं, आणि मग अचानक घसरण. यात दवाखान्यातला विष शोषून घेणारा सक्रिय कोळसा उपयोगाचा नसतो, कारण लोह त्याला चिकटत नाही.

कोळशाबद्दल एवढंच: दवाखान्यातला सक्रिय कोळसा पहिल्या तासात उपयोगी, तोही शुद्धीतल्या पेशंटला आणि ठरावीक विषांसाठी. चुलीतला कोळसा कुटून पाजणं हे त्यात येत नाही. पोट धुण्याचंही तसंच, प्रत्येकाला नळी घातलीच पाहिजे असा आग्रह डॉक्टरांपाशी धरू नका.

खोकल्याच्या सिरपबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. २०२५ मध्ये छिंदवाड्याकडची मुलं दूषित सिरपमुळे मूत्रपिंडं निकामी होऊन नागपुरात उपचाराला आली आणि त्यातली कित्येक वाचली नाहीत. त्यानंतर केंद्रानं सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना अशी सिरपं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली साधारणपणे टाळावीत. सिरप चालू असताना मुलाची लघवी कमी झाली किंवा बारा तासांत झालीच नाही तर बाटलीसकट लगेच डॉक्टरकडे.

देवघरातला कापूर चघळलेल्या मुलाला काही मिनिटांपासून दीड तासात झटके येऊ शकतात, लक्षणं नसतानाच निघा. फिनाइल, डांबरगोळ्या, मच्छरांची लिक्विड बाटली यांनाही हेच.

झाडं

महाशिवरात्रीला धोत्र्याची फळं बाजारात येतात. बी पोटात गेलं तर कीटकनाशकाच्या अगदी उलट चित्र दिसतं: बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, अंग लाल आणि तापलेलं, लघवी अडलेली, पेशंट नसलेल्या माणसांशी बोलतो. भुताटकी समजून बांधून ठेवू नका. अंधूक, शांत जागी ठेवा आणि न्या.

कण्हेर रस्त्यांच्या दुभाजकांवर दिमाखात फुलतो आणि पिवळा कण्हेर, म्हणजे बिट्टी, कुंपणांवर. दोन्हींत हृदयाचे ठोके मंद आणि अनियमित करणारं विष आहे. उलट्या थांबल्या म्हणून सोडू नका, ईसीजीवर लक्ष ठेवावं लागतं. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात, शाळेतली पोरं मिळून खातात आणि सगळ्यांना एकदम उलट्या-जुलाब सुरू होतात. बहुतेक सलाईननं सुधारतात, पण खाल्लेल्या प्रत्येकाला तपासा. गुंजेचं बी अख्खं गिळलं तर पुष्कळदा तसंच बाहेर पडतं, चावलं तर जीवघेणं. फांदी, फळ, पान सोबत न्यायला विसरू नका.

श्वासातून जाणारं

डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की कोळशाची शेगडी खोलीत येते आणि दार लागतं. शेगडीतून कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू सुटतो. बंद न्हाणीघरातला गॅस गिझरही तोच वायू सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखणं, चक्कर, मग पाय न हलणं. घरातल्या दोघा-तिघांना एकदम डोकेदुखी झाली तर आधी सगळ्यांना बाहेर काढा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर यात ९८ दाखवतं आणि फसवतं, कारण त्याला हा वायू आणि ऑक्सिजन यांतला फरक कळत नाही.

संडास क्लीनर आणि ब्लीचिंग एकत्र ओतू नका, क्लोरीन सुटतो. हातभट्टीची दारू घेतल्यावर दुसऱ्या दिवशी धुक्यातून पाहिल्यासारखं दिसायला लागलं तर तो हँगओव्हर नाही, दारूत मिसळलेलं विषारी मिथेनॉल आहे. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभरावर माणसं यानंच गेली.

मुद्दाम घेतलं असेल तर

उपचार अगदी तेच, प्रश्न नंतर. कॅज्युअल्टीत पेशंटला रागावू नका, "असं का केलंस" हे तिथे विचारू नका. पोलीस नोंद होते, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं, शिक्षेच्या भीतीनं दवाखाना टाळायचं कारण नाही. डिस्चार्जआधी मानसोपचार तज्ज्ञांना भेटवा. बोलायला टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ आहे, मराठीतही. पहिले काही आठवडे माणसाला एकटं ठेवू नका.

आणि त्याच दिवशी घरातली फवारणीची औषधं हलवा. पलंगाखालून, माळ्यावरून, गोठ्यातल्या कोनाड्यातून. कुलूपबंद पेटीत, किल्ली दुसऱ्याकडे, जमलं तर शेजाऱ्याच्या किंवा कृषी केंद्राच्या ताब्यात. घासलेट कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतायचं नाही. रिकामा डबा तीनदा विसळा, ते पाणी पंपातच ओता, मग बुडाला खिळ्यानं भोक पाडा, म्हणजे पुढच्या हंगामात मजुरांना त्यात पाणी भरून द्यायला कुणी उचलणार नाही.